नाकामिची ड्रॅगन: वाकडी फीत सरळ वाचणारे यंत्र

१/ ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीने जपानमध्ये 'सीडीपी-१०१' हा सीडी प्लेयर विक्रीस आणला आणि चुंबकीय फितीचा अंत जवळ आल्याची चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी, त्याच देशात, नाकामिची या कंपनीने 'ड्रॅगन' नावाचा कॅसेट डेक सादर केला. आज त्या पहिल्या पिढीचे सीडी प्लेयर बहुधा संग्राहकांच्या कपाटात शोभेला असतात. ड्रॅगन मात्र जगभर दुरुस्त करून घेतला जातो, जपला जातो आणि रोज वापरला जातो. याचे कारण केवळ जुन्या दिवसांची ओढ असे नाही. ते समजण्यासाठी कॅसेटच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. 🧵

२/ कॅसेट संगीतासाठी जन्मलीच नव्हती. बेल्जियममधील हॅसेल्ट येथील फिलिप्सच्या कारखान्यात लू ओटेन्स या अभियंत्याच्या चमूने ती घडवली. यंत्र खिशात मावले पाहिजे, ही मूळ अट. त्यासाठी ओटेन्स लाकडाचा एक ठोकळा कोटाच्या खिशात घालून पाहत असत. १९६३ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट जगापुढे आली. पत्राचा मजकूर सांगणे, भाषण किंवा मुलाखत टिपणे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

३/ खिशात मावण्याची किंमत आकड्यांत दिसते. कॅसेटच्या फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर. एवढ्या पट्टीवर दोन बाजूंचे मिळून चार माग असतात आणि प्रत्येक माग जेमतेम ०.६ मिलिमीटरचा असतो. फीत सरकते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. त्या काळी ध्वनिमुद्रणगृहांतील मोठ्या चकत्यांच्या यंत्रांवर फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असे. म्हणजे कॅसेटला आठव्या हिश्श्याच्या वेगात तोच आवाज बसवायचा होता, आणि तोही सुताएवढ्या जागेत.

४/ २०,००० हर्ट्‌झचा सूक्ष्म स्वर या गतीने फितीवर उमटला, तर त्याच्या एका लहरीची लांबी भरते सुमारे २.४ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या पंचवीस-तीसपट जाड असतो. तंबोऱ्याची जवारी, झांजेचा झणकार, 'स' आणि 'श' यांतला फरक, हे सारे अशाच बारीक लहरींत साठवलेले असते. फितीचा स्वतःचा एक सततचा सुसकारा असतो, तोही नेमका याच प्रदेशात ऐकू येतो.

५/ तरीही कॅसेट जग जिंकून गेली. फिलिप्सने हे तंत्र इतर उत्पादकांना परवाना-शुल्क न घेता खुले केले, त्यामुळे कोणत्याही देशातली कॅसेट कोणत्याही देशातल्या यंत्रात बसू लागली. मात्र एकाच मापाची पेटी म्हणजे एकाच गुणवत्तेचे यंत्र नव्हे. लाखो यंत्रे, लाखो हात आणि प्रत्येकाचा थोडासा वेगळा बांधा! या धाग्याचा खरा विषय हा 'थोडासा' फरकच आहे.

६/ आधी सुसकाऱ्याची गोष्ट. अमेरिकी शास्त्रज्ञ रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात, चंडीगढच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली. त्यांची युक्ती अशी: मुद्रण करताना हळू आणि उंच स्वर वाढवून लिहायचे, वाचताना तेवढेच कमी करायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर फितीचा सुसकाराही खाली बसतो. घरगुती यंत्रांसाठीचे 'डॉल्बी बी' १९६८ मध्ये आले.

७/ नियतीचा विनोद असा, की ज्याने आयुष्यभर नको असलेला आवाज कमी केला, त्याचे नाव महाराष्ट्रात विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या कर्णकर्कश भिंतींना चिकटले. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' ही घोषणा वाचली असती, तर त्या शांतताप्रेमी गृहस्थाला काय वाटले असते, कोण जाणे!

८/ १९७१ मध्ये अमेरिकेत हेन्री क्लॉस यांच्या अ‍ॅडव्हेंट कंपनीने '२०१' हा डेक आणला. डॉल्बी बी आणि क्रोमियम डायऑक्साइडची नवी फीत यांचा त्यात मेळ होता. कॅसेटवर गंभीरपणे संगीत ऐकता येते, हे या डेकने दाखवून दिले. पत्र सांगण्याचे यंत्र दिवाणखान्यात, ग्रामोफोनच्या शेजारी येऊन बसले.

९/ आता नाकामिची. एत्सुरो नाकामिची यांनी १९४८ मध्ये टोकियोत 'नाकामिची रिसर्च' स्थापन केली. नावातच संशोधन! ध्वनिमुद्रण यंत्रे आणि चुंबकीय हेड बनवण्यात कंपनीचा हात बसला. दीर्घकाळ ती इतर कंपन्यांसाठी डेक तयार करत होती, डब्यावर नाव दुसऱ्याचे असे. १९७३ मध्ये तिने स्वतःच्या नावाने 'नाकामिची १०००' आणला, तीन स्वतंत्र हेड असलेला कॅसेट डेक.

१०/ तीन हेडचे एवढे काय? साध्या डेकमध्ये लिहिणे आणि वाचणे एकच हेड करते. पण लिहिण्यासाठी हेडची फट थोडी रुंद लागते आणि वाचण्यासाठी अतिशय अरुंद. एकाच फटीत दोन्ही कामे म्हणजे तडजोड. नाकामिचीच्या वाचन-हेडची फट सुमारे ०.६ मायक्रॉन होती, लेखन-हेडची त्याच्या कितीतरी पट. कॅसेटच्या पेटीत तीन हेडसाठी जागाच नव्हती. ती जागा काढणे हेच मोठे कारागिरीचे काम होते.

११/ आणि इथेच खरा शत्रू समोर आला: अझिमथ. हा शब्द अवघड वाटला तर बोरू आठवावा. बोरूचे टोक तिरके कापलेले असते आणि त्या कापावर अक्षराचे वळण ठरते. दोन लेखनिकांच्या बोरूंचा काप वेगळा, म्हणून अक्षरही वेगळे. हेडची फट म्हणजे तसाच काप. ती फितीला अचूक काटकोनात असावी लागते. तो कोन म्हणजे अझिमथ.

१२/ कोनात अंशाच्या दहाव्या भागाइतका फरक पडला तर? ०.६ मिलिमीटर रुंदीच्या मागाच्या दोन कडांमध्ये सुमारे एक मायक्रॉनचे अंतर पडते. आणि लहर आहे २.४ मायक्रॉनची! मागाच्या वरच्या कडेला लहरीचा चढ येतो, तेव्हा खालच्या कडेला उतार लागायला आलेला असतो. दोन्ही एकमेकांना खातात. बारीक स्वर विझतात आणि गायक पडद्याआडून गात असल्यासारखा वाटतो.

१३/ डॉल्बी असेल तर दुखणे वाढते. उंच स्वर आधीच मेले असतील, तर डॉल्बी त्यांना 'हळू स्वर' समजून आणखी खाली ढकलते. एक चूक दुसरीला हाताशी धरते. जुन्या कॅसेटचा आवाज 'मेला आहे' असे अनेकदा म्हटले जाते. पुष्कळदा आवाज फितीवर शाबूत असतो. वाचणाऱ्या यंत्राचा कोन तेवढा लिहिणाऱ्या यंत्राशी जुळत नसतो.

१४/ गल्लीतल्या टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना हे पुस्तकाविना ठाऊक होते. हेडच्या शेजारी एक चिमुकला स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू बारीक पेचकसाने किंचित फिरवायचा आणि आवाज उघडला की थांबायचे. पण हा इलाज त्या एका कॅसेटपुरता. पुढची कॅसेट दुसऱ्या यंत्रावर भरलेली असली, की पुन्हा पेचकस हाती.

१५/ नाकामिचीने हा प्रश्न दोन टप्प्यांत सोडवला. पहिला टप्पा: आपण लिहिलेले आपल्याला नीट वाचता यावे. '१०००' मध्ये लेखन-हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी हाताने जुळवता येत असे. १९८० च्या सुमारास आलेल्या '१०००झेडएक्सएल' मध्ये तेच काम आतला संगणक करू लागला. डेक स्वतःच्या अक्षराची काळजी घ्यायला शिकला, पण दुसऱ्याच्या अक्षराचे काय?

१६/ ड्रॅगन हे त्याचे उत्तर. त्याच्या वाचन-हेडमध्ये उजव्या चॅनेलचा भाग वरचा आणि खालचा असा दोन तुकड्यांत विभागलेला आहे. फितीवरची एकच लहर दोन्ही तुकड्यांत एकाच क्षणी पोहोचली, तर कोन बरोबर. एका तुकड्यात ती आधी आली, तर फीत तिरकी लिहिली गेली आहे. विद्युतमंडल हा फरक सतत मोजते आणि एक छोटी मोटर हेड तेवढेच वाकवते. कॅसेट चालू असताना हे काम अखंड चालते.

१७/ यामुळेच नाकामिचीला उलट-सुलट वाजवणारा डेक करता आला. दिशा बदलली की फीत पेटीत जरा वेगळी बसते आणि कोन बिघडतो, म्हणून कंपनी इतकी वर्षे या सोयीपासून दूर होती. ड्रॅगन दोन्ही दिशांना वाजवतो, मुद्रण मात्र एकाच दिशेने करतो. त्यानंतर आलेल्या 'आरएक्स-५०५' ने तर गंमतच केली. बाजू संपली की तो कॅसेट बाहेर काढतो, यांत्रिक हाताने उलटवतो आणि पुन्हा आत घेतो. हेड जागचे हलतच नाही!

१८/ ड्रॅगन महाग होता. अमेरिकेत त्याची किंमत दीड हजार डॉलरांहून अधिक होती. तरीही तो १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत विकला जात होता. सीडीचा काळ सुरू झाला होता, पण घराघरांत कॅसेटचे ढीग होते आणि ते निरनिराळ्या यंत्रांवर भरलेले होते. ते वाचणारे यंत्र हवेच होते.

१९/ भारतात कॅसेटचा खरा बहर नेमका याच काळातला. आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानात 'टू-इन-वन' असे. ग्रामोफोन तबकड्यांच्या बाजारावरची एका कंपनीची पकड १९८० च्या दशकात सैल झाली. अभंग, भारूड, लोकगीते, लावणी, कीर्तन, प्रवचन यांच्या स्वस्त कॅसेट जत्रेपासून एसटी स्थानकापर्यंत मिळू लागल्या. ज्या आवाजांना तबकडीचा मान कधी मिळाला नसता, तेही फितीवर आले.

२०/ याहून मोलाचा ठेवा घरांत तयार झाला. खासगी मैफली, गुरूने शिष्याला दिलेली तालीम, गावच्या सभेतले भाषण, बारशाची ओवी, आजीने सांगितलेली कहाणी. यांची प्रत एकच, आणि तीही दुकानातल्या सर्वांत साध्या कॅसेटवर, कोन कधीच न तपासलेल्या यंत्राने भरलेली. योगायोग असा, की संगीताच्या मुद्रणांचे जतन करणारे 'आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' हे केंद्र १९८२ मध्येच पुण्यात सुरू झाले. पुढे ते दिल्ली परिसरात हलले.

२१/ इतिहासप्रेमींना या ठिकाणी मोडी आठवावी. पेशवे दफ्तर कितीही काळ रुमालांत बांधलेले असो, वाचणारा आला की कागद बोलतो. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दफ्तराचे ४५ खंड निघाले, ते कागद टिकले आणि मोडी वाचणारेही टिकले म्हणून. कॅसेटचा कागद म्हणजे फीत आणि तिचा मोडीवाचक म्हणजे डेक. फरक एवढाच, की मोडी पुस्तकावरून शिकता येते. ०.६ मायक्रॉनची फट असलेले हेड घरी घडवता येत नाही.

२२/ म्हणून असा डेक बाळगणे हा छंद असला, तरी त्यात राखणदारीही आहे. हेड, कॅपस्टन आणि रबरी चाक नियमितपणे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागते. हेडमध्ये साचलेले चुंबकत्व काढावे लागते. रबर चकाकते आणि घसरते, वंगण गोठते, जुने कपॅसिटर गळतात. सुटे भाग अनेकदा दुसऱ्या मृत डेकमधून काढावे लागतात. ही यंत्रे उघडून नीट मिटवू शकणारे हात दरवर्षी कमी होत आहेत.

२३/ आणि आनंद? ड्रॅगनवर मुद्रण करण्यापूर्वी तो स्वतः ४०० आणि १५,००० हर्ट्‌झचे दोन स्वर फितीवर उमटवतो. ऐकणारा बटणे हळूहळू फिरवून दोन्हींची पातळी जुळवतो. प्रत्येक कॅसेटचा स्वभाव वेगळा, म्हणून हे लग्न प्रत्येक वेळी नव्याने लावावे लागते. मग झाकण मिटते, दोन कॅपस्टन फीत ताणून धरतात आणि तिसऱ्या हेडमुळे फितीवर उमटलेला आवाज क्षणार्धात, मुद्रण चालू असतानाच ऐकू येतो. मूळ आवाज आणि फितीवरचा आवाज यांत आलटून पालटून डोकावता येते. फरक सापडेनासा होतो, तेव्हाचे समाधान तंबोरा जुळल्याच्या जातीचे असते.

२४/ पण अतिशयोक्ती नको. फितीवर उंच स्वर उमटलेच नसतील, तर जुळवण्यासाठी ड्रॅगनला पुरेसा आधार मिळत नाही. बुरशी लागलेली किंवा सुरकुतलेली फीत तो बरी करत नाही. कॅसेट डॉल्बीने भरली होती की नाही, हेही तो सांगू शकत नाही. जगभरचे ध्वनी-अभिलेखागार आजही प्रत्येक फितीसाठी अझिमथ तपासून, कानाने आणि मापकाने, हाताने जुळवतात. ड्रॅगनने तीच शिस्त घरच्या डेकमध्ये आणली, हे त्याचे ऐतिहासिक मोल.

२५/ ही शिस्त आता तातडीची आहे. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनी-दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' हा उपक्रम सुरू केला. त्यातला इशारा असा: २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाचणे अनेक ठिकाणी अशक्य होईल, कारण फिती संपण्याआधी त्या वाचणारी यंत्रे संपतील. लिपी आहे आणि वाचक नाही, अशी ही वेळ.

२६/ घरातल्या जुन्या कॅसेटबाबत करण्याजोगे थोडे आहे, पण ते आजच करण्याजोगे आहे. हाती येईल त्या स्वस्त प्लेयरमध्ये ती घालू नये, कारण फीत गुंतली तर प्रत दुसरी नसते. मागच्या कडेच्या दोन चिमुकल्या प्लॅस्टिक पट्ट्या मोडाव्यात, म्हणजे चुकून वर मुद्रण होणार नाही. आवाज कुणाचा, साल कोणते, कोणत्या यंत्रावर भरली, डॉल्बी होते का, हे सांगू शकणारी माणसे घरात असेपर्यंत कव्हरवर लिहून घ्यावे. डिजिटल प्रत काढायची तर डेकचा कोन त्या कॅसेटशी जुळवूनच काढावी. बोथट वाचनाची प्रत कायम बोथटच राहते.

२७/ ड्रॅगन बनवणाऱ्यांसमोर सीडीचे आव्हान होते. त्यांनी कॅसेटचे राज्य वाचवले नाही, ते वाचणारही नव्हते. पण इतर सगळी यंत्रे फितीने आपल्याप्रमाणे असावे अशी अपेक्षा करत होती, तेव्हा हे एक यंत्र फितीप्रमाणे स्वतः वाकत होते. पुण्यातल्या एखाद्या वाड्यात १९८४ मध्ये साध्या टेपरेकॉर्डरवर तिरका उमटलेला आवाज आज सरळ ऐकू येऊ शकतो, तो या वाकण्यामुळे. 🧵 समाप्त